हायस्कूलमधले हेल्थ सायन्स आणि स्पोर्ट्स मेडिसिनचे कोर्स (अमेरिका): घ्यावेत का?

चांदणवेल
नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक ऑगस्टमध्ये नववीत जाईल आणि चार वर्षांचा कोर्स प्लॅन याच महिन्यात भरून द्यायचाय. तिला यंदा प्रिन्सिपल्स ऑफ हेल्थ सायन्स, दहावीत स्पोर्ट्स मेडिसिन आणि शेवटच्या वर्षी हेल्थ सायन्सचं प्रॅक्टिकम (दवाखान्यातला प्रत्यक्ष अनुभव) असा क्रम हवाय. ती व्हॉलीबॉल खेळते. क्लबच्या एका स्पर्धेत मुलींचे घोटे तपासणाऱ्या अ‍ॅथलेटिक ट्रेनर बाईंना तिनं दिवसभर पाहिलं आणि तेव्हापासून 'मला हे काम करायचंय' असं म्हणतेय.

घरात दोन मतं आहेत. नवऱ्याला वाटतं की हे व्होकेशनल आहे, यात चार वर्षं घालवली तर एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय मागे पडतील. मला वाटतं, चौदाव्या वर्षी मूल स्वतःहून एखाद्या कामाकडे ओढलं जातंय तर ते बघू द्यावं. पण नक्की काय शिकवतात, पुढे उपयोग काय, हे मला माहीत नाही. ज्यांच्या मुलांनी घेतलंय किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानफूल७
वाचतेय. आमच्याकडेही पुढच्या वर्षी हाच फॉर्म येणार.

कृष्णाकाठ
टेक्साससाठी एक गोष्ट आधी सांगतो, कारण नंतर कळून उपयोग नसतो. इथे वर्गातल्या क्रमांकाला फार वजन आहे. पहिल्या १० टक्क्यांतल्या मुलांना राज्यातल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो आणि ऑस्टिनच्या यूटीला ती मर्यादा आता ५ टक्क्यांवर आली आहे. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये एपीचे विषय वरच्या वजनाने मोजतात आणि सीटीईचे, म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशनचे, बहुतेक विषय साध्या वजनाने. हेल्थ सायन्सच्या वर्गात १०० मिळवले तरी वेटेड जीपीए (विषयाच्या वजनानुसार काढलेली गुणांची सरासरी) खाली येऊ शकतो. आमच्या ओळखीत एका मुलाचं तसंच झालं.

कोर्स वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण काउन्सेलरकडून प्रत्येक कोर्सचं वजन लेखी घ्या. काही डिस्ट्रिक्टमध्ये अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी वरच्या वजनाचा असतो, काहींत नसतो. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीचा अनुभव इथे चालत नाही.

शलाका_न्यूजर्सी
मी फिजिकल थेरपिस्ट आहे, आमच्याकडे हायस्कूलची मुलं निरीक्षणाला येतात. आपल्याकडे या विषयात सगळ्यांत मोठा गोंधळ असतो तो कोण काय करतं याचा, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मैदानाच्या कडेला कमरेला पाऊच लावून उभी असते ती अ‍ॅथलेटिक ट्रेनर. जिममधल्या पर्सनल ट्रेनरचा आणि तिचा काही संबंध नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या व्यवसायाला आरोग्यसेवेतला व्यवसाय म्हणून मान्यता दिली. पूर्वी चार वर्षांच्या पदवीवर परीक्षेला बसता यायचं. आता प्रवेशाची पातळी मास्टर्सची आहे आणि २०२२ च्या फॉलपासून पदवीच्या जुन्या अभ्यासक्रमांना नवे विद्यार्थी घेणं बंद झालंय. फिजिकल थेरपीला डॉक्टरेट लागते, डीपीटी, पदवीनंतर साधारण तीन वर्षं. आणि स्पोर्ट्स मेडिसिनचा डॉक्टर म्हणजे आधी मेडिकल स्कूल, मग फॅमिली मेडिसिन, पीडियाट्रिक्स किंवा तशी रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रशिक्षण) आणि त्यावर एका वर्षाची फेलोशिप. शस्त्रक्रिया करणारे ऑर्थोपेडिक सर्जन वेगळे.

म्हणजे 'स्पोर्ट्स मेडिसिन करायचंय' या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळी आयुष्यं आहेत. पगारातही फरक आहे: अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा वर्षाचा मध्यम पगार ६० हजार डॉलरच्या आसपास, फिजिकल थेरपिस्टचा १ लाखाच्या आसपास. मास्टर्सचं कर्ज काढण्याआधी मुलीला हे आकडे माहीत असावेत. तरीही सांगते, मी ज्या अ‍ॅथलेटिक ट्रेनर्सबरोबर काम केलंय त्यांचा हात आणि डोळा या दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आदर आहे. खेळाडू पडला त्या क्षणी तो कसा पडला हे त्यांनी पाहिलेलं असतं. आमच्याकडे तो तीन आठवड्यांनी येतो.

हायस्कूलचा कोर्स यातलं काहीच 'करून' देत नाही. पण कुठल्या दाराने आत जायचं हे ठरवायला त्याच्याइतकी स्वस्त आणि चांगली संधी पुढे मिळत नाही. माझ्या डीपीटीच्या वर्गात अशी मुलं होती ज्यांनी पहिला खराखुरा रुग्ण बावीसाव्या वर्षी पाहिला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला माणसांना हात लावणंच आवडत नाही.

सुगरण_आई_केटी
माझ्या मुलाने ह्यूस्टनजवळच्या शाळेत तीन वर्षं स्टुडंट अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम केलं, आता कॉलेजात आहे. काल फोनवर त्याला विचारून हे लिहितेय.

वर्गात पहिल्या वर्षी हाडं, स्नायू, सांधे, लिगामेंट यांची नावं. घोटा आतल्या बाजूला वळून मुरगळला की बहुतेकदा बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट दुखावतं, गुडघ्यात एसीएल नावाचं लिगामेंट कुठे असतं, मुलींमध्ये ते जास्त का फाटतं, उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का हे कसं पाहायचं. मग टेपिंग. घोट्याला पट्टी बांधायला त्याला कितीतरी आठवडे लागले. सुरकुती राहिली की फोड येतो, घट्ट झाली की बोटं निळी पडतात. घरी माझ्या आणि त्याच्या बाबांच्या घोट्यांवर सराव चालायचा.

पण तो सांगतो की खरं शिक्षण ऑगस्टमध्ये झालं. शाळा सुरू व्हायच्या आधी फुटबॉलचा सराव सुरू होतो आणि इथला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. सकाळी आधी पाण्याचे कूलर भरायचे, बर्फाच्या पाण्याचा टब तयार ठेवायचा. मग ट्रेनर सर वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर मोजायचे. हे साधं तापमान नसतं, त्यात दमटपणा, ऊन आणि वारा धरलेला असतो. त्या आकड्यावर ठरायचं की हेल्मेट-पॅड घालायचे की नाही, विश्रांती किती वेळाने, की आज सरावच नाही. ते सरावाआधी सगळ्या मुलांकडून उजळणी करून घ्यायचे: शरीराच्या आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर आणि मुलगा बरळतोय किंवा तोल जातोय, तर उष्माघात. आधी तिथेच बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करायचं, मग अँब्युलन्समध्ये घालायचं. पहिल्या अर्ध्या तासात थंड केलं तर जीव वाचतो. मिनेसोटा व्हायकिंग्ज या फुटबॉल संघाचा खेळाडू कोरी स्ट्रिंगर २००१ मध्ये सरावात उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात संस्था आहे आणि हे नियम देशभर नेण्यात तिचा मोठा वाटा आहे. मुलाला ते सगळं तोंडपाठ होतं. सोळा वर्षांच्या पोराला इतकं गंभीर झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि काय करायचं नाही हेही पहिल्याच दिवशी सांगतात. विद्यार्थ्याने दुखापतीचं निदान करायचं नाही, 'जा खेळ' असं सांगायचं नाही, ट्रेनर नसताना उपचार करायचे नाहीत. कुणाला काय झालंय हे बाहेर बोलायचं नाही, अगदी जिवलग मित्रालाही नाही. हा शेवटचा नियम त्याला सर्वांत जड गेला.

वेळ मात्र प्रचंड जातो, हे सांगायलाच हवं. शुक्रवारची रात्र फुटबॉलची, मंगळवारी व्हॉलीबॉल, बाहेरगावचे सामने, घरी यायला मध्यरात्र. ज्या मुलाला स्वतः खेळायचंय त्याला हे जमणं कठीण. तुमची मुलगी व्हॉलीबॉल खेळते ना? मग फॉलमध्ये दोन्ही एकदम कसं करणार हे कोचला आणि ट्रेनरला आधीच विचारा. काही शाळांत खेळाडूला दुसऱ्या सीझनमध्ये काम करू देतात.

चांदणवेल
बापरे, किती उपयोगी! सुगरणताई, तुमच्या मुलाला माझे खूप आभार सांगा. व्हॉलीबॉलचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता.

पुण्याची_फिजिओ
मी पुण्यात स्पोर्ट्स फिजिओ आहे. तुमचा धागा वाचून खरं सांगायचं तर हेवा वाटला. आपल्याकडे अकरावी-बारावी म्हणजे पीसीबी आणि नीट. सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणात क्रीडा-दुखापतींवर धडा आहे, पण मुलं तो लिहून येतात, हाताने काही करत नाहीत. पुढे बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी आमची बॅच झाली, नंतर एमपीटीला स्पोर्ट्स घेतलं तेव्हा पहिल्यांदा मैदानावर उभी राहिले.

माझ्याकडे कबड्डीची मुलं येतात. पकडीत पाय अडकतो, शरीर वळतं आणि गुडघा जातो. त्यातली बरीच आधी कुणाकडून तरी ओढून-चोळून आलेली असतात, सूज दुप्पट झालेली. गावच्या संघात जर एकच मुलगा किंवा मुलगी असा असता ज्याला 'याला खेळवू नका, गुडघा हलवू नका, बांधा आणि दवाखान्यात न्या' एवढं म्हणता आलं असतं, तर कित्येक गुडघे वाचले असते. तालुक्याच्या स्पर्धेला डॉक्टर मिळत नाही हे मी समजू शकते. शिकलेला अकरावीचा विद्यार्थी का मिळू नये?

म्हणून चांदणवेल, मुलीला घेऊ द्या. ती पुढे काहीही झाली तरी तिच्या भोवतालच्या माणसांना याचा उपयोग होईल.

शलाका_न्यूजर्सी
अगदी मनातलं बोललात. इथेही हे सगळं आपोआप आलेलं नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी परत खेळवायचं नाही आणि परवानगीशिवाय मैदानात सोडायचं नाही, हा कायदा वॉशिंग्टन राज्यात २००९ मध्ये झाला, तोही झॅकरी लिस्टेट नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाला कायमची इजा झाल्यानंतर. पुढच्या काही वर्षांत सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले.

डॉ_वाटसरू
मी इमर्जन्सी विभागात काम करतो. मेडिकल स्कूलच्या दृष्टीने लिहितो, कारण या धाग्यावर तो प्रश्न न विचारता सगळ्यांच्या मनात आहे.

हायस्कूलचा हेल्थ सायन्सचा कोर्स बघून कुठलंही मेडिकल स्कूल प्रवेश देत नाही. ते बघतात कॉलेजचे गुण, एमकॅट ही प्रवेश परीक्षा आणि कॉलेजच्या वर्षांतला रुग्णांबरोबरचा अनुभव. थेट बीएस-एमडीला (हायस्कूलनंतरच पदवी आणि मेडिकलला एकत्र प्रवेश) अर्ज करणाऱ्यांची गोष्ट जरा वेगळी, तिथे हायस्कूलमधला रुग्णांचा अनुभव विचारतात. त्यामुळे केमिस्ट्री, बायॉलॉजी, गणित यांत तडजोड करू नका. कृष्णाकाठ यांचा मुद्दा बरोबर आहे.

पण एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. हेल्थ सायन्सच्या शेवटच्या वर्षी सीएनएचा, म्हणजे नर्सिंग असिस्टंटचा पर्याय असेल तर तो घ्या. केंद्राच्या नियमाने किमान ७५ तासांचं प्रशिक्षण असतं, बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त, टेक्सासमध्ये १००. त्यात मुलं वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालतात, कुशीवर वळवतात, भरवतात, डायपर बदलतात. आपल्याकडच्या पालकांना हे ऐकून कसंतरी होतं. 'मुलीला डॉक्टर करायचंय, हे कशाला' असं मला तोंडावर सांगितलंय लोकांनी. मला मात्र ज्या रेसिडेंटने आधी हे काम केलंय तो पहिल्या दिवशी ओळखू येतो. तो रुग्णाच्या अंगावरची चादर नीट करून मगच खोलीबाहेर पडतो. नर्सशी बोलतानाही त्याचा सूर वेगळा असतो.

आणि सीपीआर. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीच्या मैदानावर डमार हॅमलिन या फुटबॉलपटूचं हृदय बंद पडलं तेव्हा त्याच्या छातीवर पहिला दाब दिला तो संघाच्या असिस्टंट अ‍ॅथलेटिक ट्रेनरने. तिथे डॉक्टरही होते, पण सुरुवात कोणी केली याला काही महत्त्व नसतं, सुरुवात किती लवकर झाली याला असतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आणायला दुसरा माणूस धावला पाहिजे. ताकद येईल त्या वयापासून कुणीही हे शिकू शकतं.

अंजनवेल_आजोबा
मुलीकडे न्यूजर्सीत एडिसनला आलोय, तिनेच हा धागा दाखवला. 'व्होकेशनल' या शब्दावर अडलेल्या बापासाठी दोन शब्द. मी महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होतो. आमच्याकडे एमसीव्हीसी (अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम) होतं, त्यात मेडिकल लॅब टेक्निशियनसारखे अभ्यासक्रम होते. शिकवणारे तळमळीचे होते, मुलंही शिकायची. पण दहावीला कमी गुण पडले की तिकडे पाठवायचं असं समाजाने ठरवून टाकलं आणि चांगली मुलं आलीच नाहीत. नातीच्या शाळेत मी उलट पाहिलं. तिच्या हेल्थच्या वर्गात गणितात पहिली येणारी मुलगी आहे आणि ज्याला पुढे अँब्युलन्सवर काम करायचंय तो मुलगाही आहे, आणि दोघं एकाच बाहुलीवर रक्तदाब घ्यायला शिकतात. मला हे फार आवडलं. चांदणवेल, तुमच्या यजमानांनी अशा वर्गात एकदा जाऊन बसावं.

न्यूजर्सीकर_मनीष
आजोबा, नमस्कार. एडिसनकर इथे बरेच आहेत म्हणून लिहितो. न्यूजर्सीत काउंटीच्या वेगळ्या शाळा आहेत, आठवीत असतानाच अर्ज आणि परीक्षा. मिडलसेक्स काउंटीची वुडब्रिजला अलाइड हेल्थ अँड बायोमेडिकल सायन्सेसची अकॅडमी आहे, युनियन काउंटीची स्कॉच प्लेन्सला, मॉनमथची नेपच्यूनला. बर्गन काउंटी अकॅडमीजमध्येही मेडिकल सायन्सचा विभाग आहे. या शाळांत कोर्स निवडण्याचा प्रश्न फारसा नसतो, चारही वर्षांचा साचा ठरलेला असतो. टेक्सासमध्ये अशी सर्वांत जुनी शाळा ह्यूस्टनची डिबेकी हायस्कूल फॉर हेल्थ प्रोफेशन्स, १९७२ पासूनची. बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या सहभागाने सुरू झाली, आता टेक्सास मेडिकल सेंटरमध्येच आहे.

यातल्या बऱ्याच शाळांत खेळाचे संघ नसतात किंवा मुलं आपल्या गावच्या शाळेतून खेळतात. स्पोर्ट्स मेडिसिन हवं असेल तर मोठ्या फुटबॉल संघाची साधी पब्लिक शाळा उलट जास्त शिकवते.

चांदणवेल
सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याने काल रात्री बसून वाचले. आता त्याचा प्रश्न असा: आमच्या शाळेचा कोर्स चांगला आहे की नुसता नावाला, हे बाहेरून कसं ओळखायचं?

शलाका_न्यूजर्सी
चांगला प्रश्न. मी तुमच्या जागी असते तर हे विचारलं असतं. शिकवणारी व्यक्ती स्वतः परवानाधारक अ‍ॅथलेटिक ट्रेनर किंवा नर्स आहे का, की ज्यांचा तास रिकामा होता त्यांना दिलाय? मुलं आठवड्याला किती वेळ खऱ्या मैदानावर किंवा दवाखान्यात जातात? शाळेचा लेखी इमर्जन्सी अ‍ॅक्शन प्लॅन आहे का, आणि विद्यार्थ्यांना तो दाखवतात का? टबमध्ये कसं उतरवायचं, एईडी कुठे आहे, गेटची किल्ली कुणाकडे, याचा सराव होतो का? ज्या शाळेत हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर लगेच उत्तर मिळतं तिथे मी माझं मूल डोळे मिटून घालीन.

आणि वर्गात अजून 'मार लागला की बर्फ लावा आणि पडून राहा' एवढंच शिकवत असतील तर तो अभ्यासक्रम जुना आहे असं समजा. विश्रांती-बर्फ-दाब-पाय वर हा मंत्र १९७८ मध्ये ज्या डॉक्टर गेब मर्किन यांनी रूढ केला, त्यांनीच पुढे बर्फाबद्दलचं आपलं मत बदललं. आता लवकर हालचाल सुरू करण्यावर भर आहे.

होसा नावाची विद्यार्थी संघटना शाळेत आहे का तेही पाहा, १९७६ पासून आहे. तिच्या स्पर्धांत स्पोर्ट्स मेडिसिनचा वेगळा प्रकार आहे, आधी लेखी परीक्षा आणि मग परीक्षकांसमोर प्रत्यक्ष टेपिंग वगैरे. पाठांतरात हुशार मुलींना हात चालवायला लावणारी ही स्पर्धा मला फार आवडते.

कृष्णाकाठ
यात एक भर. एक तोडगा असा निघू शकतो: प्रिन्सिपल्स ऑफ हेल्थ सायन्स आठवीत किंवा उन्हाळ्यात देतात का विचारा. मेडिकल टर्मिनॉलॉजी बऱ्याच ठिकाणी कम्युनिटी कॉलेजच्या ड्युअल क्रेडिटने (शाळा आणि कॉलेज दोन्हीकडे धरला जाणारा विषय) मिळतं, त्याला काही डिस्ट्रिक्ट वरचं वजन देतात. तसं झालं तर एपी बायॉलॉजी आणि केमिस्ट्रीला धक्का न लावता प्रॅक्टिकमपर्यंत पोचता येतं. इथे सांगितलेलं वाचून माझं मत एवढं बदललंय की चार वर्षांत एक-दोन विषय कमी वजनाचे झाले तरी चालतील, पण ते मैदानावर नेणारे असावेत.

सई_सिएटल
दोन व्यवहारी गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत.

एक, प्रॅक्टिकमला दवाखान्यात पाठवण्याआधी लसींच्या नोंदी आणि टीबीची चाचणी मागतात. मुलगी भारतात जन्मली असेल तर तिला बीसीजी दिलेली असेल आणि हातावरची त्वचेची चाचणी त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, धावपळ, घबराट. आधीच डॉक्टरांना सांगून रक्ताची आयजीआरए चाचणी करून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हिपॅटायटिस बीचे जुने कागद भारतातून आत्ताच मागवून ठेवा.

दोन, मूल एच-४ वर (एच-१बीधारकांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर सीएनएचं सर्टिफिकेट मिळालं तरी पगारी नोकरी करता येत नाही. शिवाय बरीच मेडिकल स्कूल्स नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. आमच्या घरात हा विषय मुलगा बारावीत गेल्यावर निघाला, तोवर त्याचं सगळं मन त्यात गुंतलं होतं. ज्यांची ग्रीन कार्डची रांग लांब आहे त्यांनी मुलांशी हे लवकर बोलावं. फिजिकल थेरपी किंवा अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे, ते स्वतंत्र तपासा.

चांदणवेल
सईताई, लेक इथेच जन्मलीय, त्यामुळे दुसरा प्रश्न नाही. पण माझ्या भाच्याला हे लागू होतं, त्याच्या आईला आजच पाठवते.

शेवटचा प्रश्न. शाळा सुरू व्हायला वेळ आहे. तिला तोवर सीपीआर शिकवावं का? चौदाव्या वर्षी चालतं का?

डॉ_वाटसरू
चालतं. तुमच्या राज्यात सातवी ते बारावीच्या दरम्यान एकदा सीपीआर शिकवणं शाळांना बंधनकारकच आहे, पण त्यात सर्टिफिकेट मिळेलच असं नाही. रेड क्रॉस किंवा अमेरिकन हार्ट असोसिएशनचा वर्ग शोधा. पूर्ण ऑनलाइनवाला घेऊ नका, बाहुलीवर हाताने दाबायला मिळालं पाहिजे. बीएलएसचं (आरोग्यसेवकांसाठीच्या सीपीआर वर्गाचं) कार्ड दोन वर्षं चालतं आणि प्रॅक्टिकमला तेच मागतात, म्हणून ते आत्ता काढलं तर तेव्हा संपलेलं असेल. आत्ता सर्वसामान्यांसाठीचा साधा वर्ग पुरे.

आणि तुम्ही दोघांनीही तिच्याबरोबर बसा. घरात कुणाचं हृदय बंद पडलं तर पहिली काही मिनिटं घरचीच माणसं असतात.

रानफूल७
आमच्या लायब्ररीत पुढच्या शनिवारी असा वर्ग आहे. आत्ताच तिघांची नावं घातली.